डिझेल इंजिनाचा प्लग कुठे असतो?

देडतलाईच्या शिवारात वीज गेली की विहिरीवरच्या इंजिनाला हँडल मारावे लागते. या इंजिनाबद्दलचा सगळ्यात पक्का गैरसमज म्हणजे आत ठिणगी पडते आणि डिझेलचा भडका उडतो. मोटरसायकलचे तसे आहे. डिझेल इंजिनाला ठिणगी पाडणारा प्लगच नसतो.

शेतावरच्या 5 अश्वशक्तीच्या इंजिनात पिस्टन खाली येताना नुसती हवा ओढतो आणि वर जाताना ती सोळा-सतरा पट दाबतो. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे बूड तापते, त्यातलाच हा प्रकार. पण इथे हवा 500 अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. डिझेलला पेट घ्यायला त्याच्या निम्मी उष्णताही पुरते. नोझलने तुषार सोडला की झाले! तापलेला वायू पिस्टन खाली रेटतो, पुढच्या खेपेला जळका वायू बाहेर जातो. पिस्टनच्या चार धावांत कामाची ती रेटणारी एकच, उरलेल्या तीन फ्लायव्हीलच्या जोरावर निघतात. मिनिटाला 1500 फेरे म्हणजे 750 वेळा पेट. रूडॉल्फ डिझेलने हे 1897 मध्ये जर्मनीत करून दाखवले. पुण्यात अशी इंजिने बनवणारी किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी 1946 मध्ये उभी राहिली.

हँडल मारताना लिव्हर उचलतात, तो व्हॉल्व उघडा राहून दाब बसू नये म्हणून. चाकाने वेग घेतल्यावर लिव्हर सोडला की हवा दाबली जाते, तापते आणि इंजिन धरते. पौषातल्या पहाटे ते धरत नाही, तेव्हा शिव्या डिझेलला बसतात. खरे तर गार लोखंडच त्या हवेची उष्णता खाऊन टाकते. रिंगा झिजल्या असतील तर दाबही निसटतो.

'इंजिन जितके गार, तितके टिकते' ही समजूत मात्र खर्चात पाडणारी. पंपाचे थंडगार पाणी पूर्ण कॉक उघडून जॅकेटमधून खेळवले की डिझेल अर्धवट जळते. उरलेले सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन खाली गळते, आणि लायनर झिजतो. बाहेर पडणारे पाणी हात धरवणार नाही इतके गरम हवे. गार येत असेल तर कॉक थोडा आवळावा. पूर्ण बंद मात्र कधीच नाही.

काळा धूर म्हणजे ताकद, असेही काहीजण छातीठोक सांगतात. तो धूर म्हणजे पैसे मोजलेले पण पूर्ण न जळलेले डिझेल. एअर फिल्टर तुंबलाय, नोझल खराब झालाय की इंजिनावर लोड जास्त आहे, एवढे आधी बघावे.

आणि नवे ऑइल काही तासांतच काळे पडले म्हणून दुकानदाराशी भांडू नये. काजळी धरून ठेवणे हे ऑइलचे कामच आहे. ते बदलायचे तासांच्या हिशेबाने, रंग बघून नव्हे.