पाणमांजराचा फोटो
(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

आपण मराठीत ज्याला पाणमांजर म्हणतो त्याला कन्नडमध्ये ‘नीरुनायी’ म्हणतात. एका भाषेला त्यात मांजर दिसले, दुसरीला कुत्रा! प्राणी मात्र दोहोंपैकी कोणीच नाही. पाहणारा काय पाहतो त्यावर नाव ठरते. फोटोचेही असेच असते, हे मला गेल्या वर्षी दक्षिण कर्नाटकाच्या सहलीत कळले.

मामांचा कॅमेरा मागून घेऊन मी एका प्राणिसंग्रहालयात पाणमांजरांच्या तळ्यापाशी उभी राहिले. पहिले वीस-पंचवीस फोटो वाया गेले. कुठे नुसती शेपटी, कुठे पाण्याचे बुडबुडे. हा प्राणी क्षणभरही स्वस्थ बसत नाही. म्हणून शटरचा वेग निदान १/५०० सेकंद हवा; त्याने उडी घेतली तर १/१००० बरा. तो जिकडे जातो तिकडे कॅमेरा धावडवण्यात अर्थ नाही. पाणमांजरे पाण्याबाहेर येण्याची जागा सहसा बदलत नाहीत. त्या काठावर आधीच फोकस धरून वाट पाहावी.

दुसरी अडचण रंगाची. ओले पाणमांजर गडद तपकिरी आणि भोवतालचे पाणी चकचकीत. चौकटीत पाणी जास्त असेल तर कॅमेरा फसतो, चित्र काळवंडवतो आणि प्राण्याचा नुसता काळा ठिपका उरतो. अशा वेळी प्रकाश थोडा वाढवावा. उलट प्राण्यानेच चौकट भरली असेल तर तो कमी करावा. डोळा गडद चेहऱ्यात हरवतो. त्यात प्रकाशाचा एक कण चमकला तरच चित्र जिवंत होते. त्यासाठी गुडघ्यावर बसून त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर यावे लागते. कपडे मळतात, पण इलाज नाही.

जाळीचे कोडे सोपे आहे. प्राणी जाळीपासून दूर असताना, कठड्याच्या अलीकडूनच लेन्स जाळीच्या जितकी जवळ नेता येईल तितकी नेऊन छिद्र मोठे ठेवले, तर तारा इतक्या अस्पष्ट होतात की दिसतच नाहीत. काच असेल तर लेन्स तिला अलगद टेकवावी, म्हणजे आपलेच प्रतिबिंब येत नाही. फ्लॅश मात्र बंदच ठेवावा. काचेवरून तो आपल्यावरच उलटतो आणि प्राणी बिचकतो तो वेगळाच. म्हैसूरच्या १८९२ साली स्थापन झालेल्या प्राणिसंग्रहालयात सिंहपुच्छ वानराने याच गोष्टींची परीक्षा घेतली. काळा चेहरा, भोवती रुपेरी आयाळ! आयाळीवर प्रकाश मोजला तर चेहरा गायब, चेहऱ्यावर मोजला तर आयाळ पांढरीफटक. शेवटी आभाळ भरून आले आणि त्या मऊ उजेडात दोन्ही जमले. हे वानर जगात फक्त पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातच आढळते, म्हणून त्या एका फोटोसाठी तासभर थांबल्याचे वाईट वाटले नाही.

आता मुख्य गोष्ट. पाणमांजरांच्या तळ्यापाशी मला एक झकास फोटो मिळाला होता. उताणे पडलेले पाणमांजर पुढच्या पंजांत एक खडा घोळवत होते, अगदी जादूगारासारखे. मी आनंदाने टाळी वाजवणार, तोच शेजारचे रखवालदार काका शांतपणे म्हणाले, “अवक्के हसिवागिदे.” त्यांना भूक लागली आहे! थोड्याच वेळात मासे आले आणि खड्याचा खेळ थांबला. नंतर वाचनात आले की ब्रिटनमधील प्राणिसंग्रहालयांत झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही हेच दिसले होते : भुकेली असताना पाणमांजरे खडे अधिक घोळवतात.

परंतु तोवर माझा फोटो कॉलेजच्या फलकावर ‘आनंदी आनंद!’ या मथळ्याखाली लागला होता. कौतुक पुष्कळ झाले. मग वर्गातल्या एका मैत्रिणीने विचारले, “अगं, हे पाळता येतं का? कितीला मिळतं?” आणखी दोघींनी तोच प्रश्न केला. मी चपापले. जाहिरात गरज नसलेल्या वस्तूलाही मागणी निर्माण करू शकते, हे आम्ही वाणिज्याच्या वर्गात शिकतो. नकळत मी तेच केले होते!

ही शंका पोकळ नाही. पाळीव पाणमांजरांची गोंडस चित्रे पसरली तशी आशियात पिलांची मागणी वाढली आणि त्यांची चोरटी विक्री होऊ लागली. म्हणून २०१९ साली ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराने गुळगुळीत अंगाची आणि आखूड नखांची अशा दोन्ही जातींच्या व्यापारावर सर्वांत कडक बंदी घातली. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार पाणमांजर पाळणे हा गुन्हा आहे. या प्राण्याला कुटुंबकबिला लागतो, वाहते पाणी लागते, रोज ताजे मासे लागतात. न्हाणीघरातल्या बादलीत त्याचा संसार होत नाही.

मी फलकावरचा फोटो काढला आणि दुसरा लावला. त्यात पाणमांजर मासा दातांत धरून काठावर चढते आहे. मिशांवरून पाणी निथळते आहे आणि दात स्पष्ट दिसत आहेत. चित्र पहिल्याइतके गोड नाही. खाली दोन्ही भाषांत नाव लिहिले, पाणमांजर आणि नीरुनायी, आणि पुढे एक ओळ : “याचे घर नदी. आपल्या राज्यात तुंगभद्रेचा एक पट्टा २०१५ पासून याच्यासाठी राखीव आहे.”

या वेळी किंमत कोणी विचारली नाही. एका मुलाने विचारले, “तुंगभद्रेला कधी जायचं?”

सहलीला जाणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, कॅमेरा जरूर न्या. फोटो मिळाला की तो प्राणी त्या क्षणी काय करत होता, हे रखवालदाराला विचारा आणि मगच मथळा लिहा.