पीएच.डी.ची जागा निघते तेव्हा

जर्मनीतल्या तंत्र-विद्यापीठात पीएच.डी. करणारा बहुतेक वेळा विद्यापीठाचा पगारदार कर्मचारी असतो. आयआयटीत वर्षातून दोनदा प्रवेश, गेटचे गुण आणि २०२३पासून पहिली दोन वर्षं दरमहा ३७ हजार, पुढे ४२ हजार रुपये विद्यावृत्ती, असा साधारण क्रम असतो. आखेन, ड्रेस्डेन किंवा म्युनिकला सामायिक परीक्षा नाही आणि ठरलेला हंगामही नाही. प्राध्यापकाच्या प्रकल्पाला पैसे मंजूर झाले की जागा निघते, मग तो जानेवारी असो की ऑगस्ट.

जाहिरातीतली एक ओळ नीट वाचावी लागते: ‘टीव्ही-एल ई १३, ६५ टक्के, तीन वर्षं.’ पहिला भाग म्हणजे राज्यांच्या कर्मचाऱ्यांची वेतनश्रेणी. पूर्णवेळ जागेला या श्रेणीत २०२५ साली सुरुवातीचा पगार करकपातीआधी दरमहा साडेचार हजार युरोंच्या थोडा वर होता. त्यातून आरोग्यविमा, निवृत्तिवेतन आणि बेकारी विम्याचे हप्ते कापले जातात. वर्षाला ३० दिवस भरपगारी रजा मिळते. खरी मेख टक्क्यांत आहे. इंजिनिअरना बाहेर कंपन्या सहज उचलतात, म्हणून अभियांत्रिकीत बहुधा पूर्ण जागा देतात; भौतिकशास्त्र, जीवशास्त्रात अर्धी किंवा दोन तृतीयांशही चालते. अर्थात पगार अर्धा असला म्हणून प्रयोगशाळेतून दुपारीच घरी जाणारा विरळाच.

या व्यवस्थेला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात डॉक्टरेट देणं ही जुन्या विद्यापीठांची मक्तेदारी होती आणि तंत्रशाळांना ती मिळू नये म्हणून त्यांनी बराच विरोध केला. अखेर १८९९मध्ये कैसर दुसरा विल्हेल्म याने प्रशियातल्या तंत्रशाळांना ‘डॉक्टर-इंजिनिअर’ पदवीचा अधिकार दिला. ती पदवी करणारा संशोधक-कर्मचारी आजही यंत्रं उभारतो, मास्टर्सच्या मुलांचे प्रबंध बघतो, गणितांचे तास घेतो आणि पैसे देणाऱ्या कंपनीला अहवाल पाठवतो. प्रबंध उरलेल्या वेळात होतो, त्यामुळे चार-पाच वर्षं सहज जातात.

निवड बहुतांशी प्राध्यापकाच्या हातात असते. एकच ‘आदरणीय महोदय’ शंभर ठिकाणी पाठवणाऱ्यांची पत्रं उघडलीही जात नाहीत. प्रकल्पाचा विषय आणि आपला मास्टर्सचा प्रबंध यांचा सांधा दाखवणारं पानभर पत्र, गुणपत्रिका आणि शिफारस करणाऱ्यांची नावं एवढं पुरतं. मुलाखतीत आपल्या प्रबंधावर छोटं व्याख्यान द्यावं लागतं आणि प्रश्न गटातले इतर संशोधकही विचारतात.

डॉक्टरेटनंतरच्या संशोधनाचं, म्हणजे पोस्टडॉकचं, गणित अधिक कठोर आहे. २००७च्या कायद्याने मुदतीच्या करारावर डॉक्टरेटआधी सहा आणि नंतर सहा वर्षं इतकीच मर्यादा घातली. मुलं असतील तर त्यात प्रत्येक मुलामागे दोन वर्षांची भर पडू शकते. बाहेरच्या निधीवरच्या प्रकल्पांना ही मर्यादा लागू नाही, पण प्रकल्प संपला की नोकरीही संपते. शिक्षण मंत्रालयाच्या एका चित्रफितीत हाना नावाच्या काल्पनिक संशोधिकेच्या उदाहरणातून या कायद्याची भलामण केली होती. २०२१मध्ये या चित्रफितीवरून हजारो संशोधकांनी ‘मीच हाना’ म्हणत समाजमाध्यमांवर संताप व्यक्त केला.

म्हणून अनेक जण स्वतःचा निधी घेऊन येतात. हुम्बोल्ट प्रतिष्ठानची विद्यावृत्ती मिळवण्यासाठी आधी यजमान प्राध्यापकाचा होकार हवा. युरोपीय संघाच्या मेरी क्युरी विद्यावृत्तीची अट आणखी वेगळी: अर्जाच्या मुदतीआधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांहून जास्त वास्तव्य नसावं. आखेनला नुकतीच पीएच.डी. झालेल्याला ती घेऊन जर्मनीतच राहता येत नाही. पुण्याहून थेट जाणाऱ्याची वाट मात्र या अटीने अडत नाही.