बत्तीस कॉलेजं, एक पगार

सीईटीचा निकाल लागला आणि माझ्या धाकट्या भावानं वहीच्या मागच्या पानावर कॉलेजांची यादी लिहायला घेतली. रात्री अकरापर्यंत यादी बत्तीसवर गेली. माटुंग्याचं व्हीजेटीआय, अंधेरीचं एसपीआयटी, पुण्याचं सीओईपी, मग नेरूळ, खारघर, कामोठे, नवीन पनवेल... शेवटी तर ज्या कॉलेजचं नुसतं रील बघितलं होतं, तेही आत शिरलं. मी विचारलं, "यातल्या किती कॉलेजांची फी माहितीये तुला?" तर म्हणाला, "ताई, आधी लागू तर दे. फीचं बघू नंतर."

हे वाक्य माझंच आहे. चार वर्षांपूर्वी मास मीडियाला प्रवेश घेताना मीही असंच म्हटलं होतं. कॉलेज निवडताना मी बघितलं काय, तर कुणाचा फेस्टिव्हल भारी! कोर्स 'विनाअनुदानित' आहे म्हणजे नेमकं काय, हे पहिली पावती हातात आल्यावर कळलं. त्याच इमारतीत दोन मजले खाली अनुदानित बीएची मुलं माझ्या फीच्या कितीतरी कमी पैशांत शिकत होती. बाबांनी पतपेढीतून कर्ज काढलं होतं, हे मला दुसऱ्या वर्षी समजलं. तेही कुणी सांगितलं नाही. कपाटात हप्त्याची चिठ्ठी सापडली.

म्हणून या वेळी मी भावाची वही ओढून घेतली. तुमच्याही घरात असा एखादा बारावीवाला असेल, किंवा तुम्ही स्वतः डिग्रीनंतर एमबीए, एमसीएच्या फॉर्मसमोर बसला असाल, तर हे तुमच्यासाठीच.

भाडं वेगळं, वाराई वेगळी

आम्ही राहतो रोडपालीत. बाबा कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका ट्रान्स्पोर्टच्या ऑफिसात हिशेब बघतात. यादी बघून ते एवढंच म्हणाले, "गाडीचं भाडं विचारून गाडी ठरवायची नसते. हमाली, वाराई, टोल धरून माल दारात केवढ्याला पडतो ते बघायचं."

कॉलेजचंही तसंच आहे. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या वेबसाइटवर कॉलेजनिहाय बघता येते. त्यात शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क येतं. होस्टेल, मेस, बस त्यात नाही. उलट बाजूनं, शिष्यवृत्ती मिळते ती मुख्यतः शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कावर. विकास शुल्क सहसा आपल्यालाच भरावं लागतं. म्हणजे छापील फी आणि खिशातून जाणारी फी हे दोन वेगळे आकडे आहेत. यादी दुसऱ्या आकड्यावरून छोटी करायची.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, कुठल्याही खऱ्या कॉलेजचे नाहीत. घराजवळच्या कॉलेजची फी १,४३,००० रुपये: शिक्षण शुल्क १,३०,००० आणि विकास शुल्क १३,०००. पुण्यातल्या कॉलेजची फी ८८,०००: त्यात ८०,००० आणि ८,०००. बघताक्षणी पुणं स्वस्त, बरोबर? आता खुल्या गटातला, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातला मुलगा धरा. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून, म्हणजे ज्याला आपण 'ईबीसी' म्हणतो, त्याचं निम्मं शिक्षण शुल्क माफ होतं. घराजवळ: ६५,००० अधिक १३,००० अधिक वर्षभराचा पास-रिक्षा १०,०००, एकूण ८८,०००. पुण्यात: ४०,००० अधिक ८,००० अधिक दहा महिन्यांचं राहणं-खाणं ९०,०००, एकूण १,३८,०००. 'स्वस्त' कॉलेज वर्षाला ५०,०००नं महाग पडलं. चार वर्षांचे झाले दोन लाख.

आता त्याच जागी मुलगी असेल तर? २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. ती त्यात बसत असेल, तर घराजवळचा खर्च येतो २३,००० आणि पुण्याचा ९८,०००. यादी तीच, घर तेवढंच, पण हिशेब पूर्ण वेगळा. म्हणून मैत्रिणीची यादी कॉपी करू नका.

यादीला कात्री

भावाच्या बत्तीस नावांना आम्ही तीन प्रश्न विचारले.

पहिला: प्रवेश 'कॅप'मधून आहे का? मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थास्तरावर घेतलेल्या प्रवेशाला ईबीसी मिळत नाही. मुलींच्या माफीच्या निर्णयातूनही अभिमत आणि खासगी विद्यापीठं वगळलेली आहेत. "सीट आहे, लगेच या" असा फोन आला की आधी हे आठवा. इथंच आमची सात नावं गेली.

दुसरा: फी सोडून काय मिळतं? होस्टेलला राहावं लागणार असेल तर राहण्या-खाण्याच्या योजना बघा. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, तर आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयं योजना. यातलं काहीच आम्हाला लागू होत नव्हतं. त्यामुळे लांबची, होस्टेलवाली खासगी कॉलेजं एकेक करून खाली गेली.

तिसरा: उरलेल्या पैशाचं काय? कर्ज काढायचंच असेल तर पीएम विद्यालक्ष्मी योजनेत, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे. पण ती निवडक दर्जेदार संस्थांमधल्या प्रवेशालाच. तुमच्या यादीतलं कॉलेज त्यात आहे की नाही, हे फॉर्म भरायच्या आधी बघायचं, नंतर नाही.

काही नावं कात्रीतून वाचलीसुद्धा! 'टीएफडब्ल्यूएस' हा प्रकार भावाला माहीतच नव्हता. अभियांत्रिकीत मंजूर जागांच्या वर ५ टक्के जागा अशा असतात, जिथं शिक्षण शुल्क पूर्ण माफ. अट ८ लाखांच्या आत उत्पन्नाची, निवड गुणवत्तेवर. पसंतीच्या अर्जात तो पर्याय वेगळा भरावा लागतो. कटऑफ साधारणपणे वर जातो, पण भरलाच नाही तर लागणार कसा?

क्रमांक म्हणजे शब्द दिला

"लिहून ठेवू, नाही आवडलं तर सोडू," असं भाऊ म्हणत होता. इथंच फसायला होतं. २०२५-२६ च्या अभियांत्रिकी प्रवेशात पहिल्या फेरीत पहिली पसंती लागली तर ती घेणं बंधनकारक होतं. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कुठलीही. जागा नाकारली की पुढच्या फेऱ्या बंद. यंदाचे नियम माहितीपुस्तिकेत नीट वाचा. पण मुद्दा तोच: जे कॉलेज लागलं तर घरी 'पैसे कुठून आणायचे' असं म्हणावं लागेल, ते वरच्या ओळींत टाकूच नका.

मग खरा अवघड प्रश्न आला. जमणार किती? आमच्या घरात हा आकडा कधीच कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं. बाबा जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "वर्षाला नव्वद हजारांपर्यंत जमेल. माझ्या पतपेढीचे अजून अकरा हप्ते आहेत." ते हप्ते कशाचे, हे त्या टेबलावर सगळ्यांना ठाऊक होतं. मी मान खाली घातली. भावानं वहीवर सगळ्यात वर '९०,०००' लिहिलं आणि खाली रेघ मारली.

यादी नऊवर आली. पुण्यातलं एक खासगी कॉलेज त्याचं भारी लाडकं होतं. ते आम्ही कुणी खोडलं नाही, त्यानं स्वतः खोडलं. मग दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही. आई म्हणाली, "राहू दे त्याला." तिसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघताना विचारतो कसा, "ताई, लोणेऱ्याच्या विद्यापीठाची फी आणि होस्टेल बघितलंस का? आपल्याच जिल्ह्यात आहे ना?"

संध्याकाळी आम्ही ती बघितली. यादी आता दहाची आहे.

फॉर्म लॉक करण्याआधी

• तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाइल आत्ताच काढा. शेवटच्या आठवड्यात सेवा केंद्रावर रांग असते.
• बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, तपासा. महाडीबीटीचे पैसे तिथंच येतात.
• प्रत्येक कॉलेजसमोर चार आकडे लिहा: शिक्षण शुल्क, विकास शुल्क, राहणं-खाणं, प्रवास. मग सवलत वजा करा.
• कॉलेजच्या काउंटरवर स्पष्ट विचारा: प्रवेशाच्या दिवशी नेमके किती भरायचे?
• आई-बाबांना 'किती जमेल' हे विचारा. विचारायला अवघड वाटतं, पण हप्त्याची चिठ्ठी कपाटात सापडण्यापेक्षा बरं.