घोंगडीची ऊब

थंडी पडू लागली की मी आजोबांची काळी घोंगडी पांघरून अभ्यासाला बसतो. वसतिगृहातील मित्र विचारतात, “मेंढ्या कुठे बांधल्यास?” त्यांच्यासाठी हा खुलासा.

लोकरीचा तंतू कुरळा असतो. त्यामुळे तंतूंमध्ये हवा अडकून राहते. स्थिर हवा उष्णतेची दुर्वाहक. म्हणून अंगातली ऊब अंगापाशीच टिकते. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प शोषूनही हाताला ओली लागत नाही. उलट शोषताना थोडी उष्णताच बाहेर टाकते. दमट हवेत सुती चादर गारठते, घोंगडी गारठत नाही, ती यामुळेच. मेंढपाळ तर तिची खोळ करून पावसातही उभे राहतात.

आमच्या दख्खनी मेंढीची लोकर राठ, टोचते खरी. मराठीत घोंगडी, कन्नडमध्ये कंबळी; ऊब मात्र एकच! पण आज या लोकरीला गिऱ्हाईक नाही. कातरलेली लोकर कित्येकदा टाकून द्यावी लागते, याचे वाईट वाटते.

ता. क. – हसणाऱ्यांपैकी एकाने परवा पहाटे घोंगडी मागून नेली. अजून परत आलेली नाही.