बदल झाला, प्रगती झाली काय?

बदल आणि प्रगती हे शब्द आपण एका दमात उच्चारतो. परंतु बदल दिनदर्शिकेत दिसतो; प्रगती हिशेब मांडल्यावाचून दिसत नाही. उदाहरणादाखल आपला रुपयाच घेऊ.

३१ मार्च १९५७ पर्यंत रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे व १९२ पै होत. दुसऱ्या दिवसापासून १०० नवे पैसे झाले. जुनी पद्धत अडाणी होती असे मात्र समजू नये. सोळाचे अर्धे करीत गेल्यास आठ, चार, दोन, एक. कोठेही अपूर्णांक येत नाही. तीन भावांत रुपया वाटला तर प्रत्येकास नेमके पाच आणे चार पै मिळत. शंभर पैशांचे असे तीन वाटे आजही कोणास करता येणार नाहीत! पावकी, निमकी, दिडकी याच व्यवहारावर पोसली होती.

मग बदल कशासाठी? कागदावरील हिशेबासाठी. बारांचे व सोळांचे हातचे सांभाळीत व्याज काढणे किती जिकिरीचे, हे शिक्षकास सांगावयास नको. दशमान पद्धतीत ती जिकीर संपली. ही प्रगती होय, यात आम्हांस शंका नाही.

परंतु तिची किंमत कोणी दिली? जुना पैसा म्हणजे सुमारे १.५६ नवे पैसे. तसे नाणे नव्हतेच. म्हणून पैशाच्या वस्तूस दोन नवे पैसे पडत. रुपयाची खरेदी एकदम करणाऱ्याचे काहीच गेले नाही. एकेका पैशाची खरेदी चौसष्ट वेळा करणाऱ्याचे मात्र एक रुपया अठ्ठावीस पैसे गेले. कायदा सर्वांस एकच, भार मात्र हातावर पोट असणाऱ्यावर.

मापांचे उलट झाले. १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली. पूर्वी शेर ठिकठिकाणी निराळा. किलो सर्वत्र एकच. येथे अधिक लाभ अशिक्षित गिऱ्हाइकाचा झाला, कारण फसगतही त्याचीच अधिक होत असे.

आण्यांबरोबर शाळांनी अडीचकीही सोडली. त्याची काय गरज होती? आणा गेला, तरी अडीच किलो गेलेले नाहीत. बेचाळीस रुपये दराचा अडीच किलो तांदूळ म्हटला की आमचा विद्यार्थी यंत्र शोधतो. त्याची आजी 'एकशे पाच' म्हणून मोकळी होते. अभ्यासक्रमात नसली तरी मोकळ्या तासाला आम्ही अडीचकी म्हणवून घेतो. मुलांना ती आवडते, विशेषतः यंत्राच्या आधी उत्तर आले म्हणजे.