समुद्रकिनारी दोघांचाच विवाह : ख्रिस्तसभा काय सांगते?

पावसाळा सरत आला असताना एके संध्याकाळी एक तरुण आणि एक तरुणी मला भेटावयास आली. दोघेही आपल्याच धर्मप्रांतातील, नोकरी करणारी, वयाने सज्ञान. चहा होईपर्यंत इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग तरुणीने आपल्या मोबाईलवरील एक छायाचित्र माझ्यापुढे धरले. दक्षिण गोव्यातील किनारा, वाळूत उभारलेली फुलांची कमान आणि मागे निळे पाणी. "फादर, आम्ही दोघेच तेथे जाऊन लग्न करणार आहोत. घरी परतल्यावर सांगू," ती म्हणाली.

मी कारण विचारले. घरून विरोध नव्हता. थोरल्या मुलीच्या लग्नासाठी वडिलांनी काढलेले कर्ज अद्याप फिटले नव्हते आणि धाकटीच्या लग्नासाठी ते पुन्हा सोसायटीच्या दारात उभे राहणार, हे तिला ठाऊक होते. मांडव, बॅण्ड, रोषणाई, हजार पानांच्या जेवणावळी. "आम्ही बाबांपासून पळत नाही, फादर. त्यांच्या कर्जापासून पळतोय," असे ती म्हणाली तेव्हा मला चटकन उत्तर देता आले नाही.

असा विचार करणारी ती दोघेच नाहीत. म्हणून त्या संध्याकाळी त्यांना जे सांगितले, ते थोडे सविस्तर येथे मांडत आहे.

विवाहास नेमके काय लागते?

पुष्कळांना आश्चर्य वाटेल, परंतु कॅथलिक विवाहास फार थोड्या गोष्टी लागतात. १९८३ साली प्रसृत झालेल्या ख्रिस्तसभेच्या नियमसंहितेतील १०५७ वा नियम सांगतो की, विवाह घडतो तो वधूवरांच्या संमतीने. ती संमती त्यांच्या वतीने दुसरी कोणतीही मानवी सत्ता देऊ शकत नाही. १०८३ पासून पुढील नियमांत सांगितलेले अडथळे, उदाहरणार्थ पूर्वीचा विवाह किंवा जवळचे नाते, दोघांमध्ये असता कामा नयेत. आणि ११०८ व्या नियमानुसार ही संमती अधिकार असलेल्या धर्मगुरूंसमोर किंवा डिकनसमोर आणि दोन साक्षीदारांसमोर दिली गेली पाहिजे.

एवढेच. या यादीत मांडव नाही, बॅण्ड नाही, जेवणावळ नाही, पाहुण्यांची किमान संख्याही नाही. वधू, वर, धर्मगुरू आणि दोन साक्षी अशा पाच माणसांत लागलेला विवाह, पाच हजारांच्या उपस्थितीत लागलेल्या विवाहाइतकाच पवित्र आणि पूर्ण असतो. म्हणजे त्या तरुणीची साधेपणाची इच्छा ख्रिस्तसभेच्या विरोधात मुळीच नव्हती. अडचण होती ती दुसऱ्या दोन गोष्टींत: कोणालाही न सांगता आणि कोणत्याही साक्षीविना.

साक्षीदारांचा आग्रह का?

ख्रिस्तसभेच्या इतिहासात अनेक शतके असे होते की, स्त्री-पुरुषांनी एकमेकांस पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचे शब्द एकांतात उच्चारले तरी विवाह झाला असे मानले जाई. ख्रिस्तसभेला असे चोरटे विवाह नापसंत होते, तरी ते वैध धरले जात. त्यातून मोठा अन्याय घडू लागला. एखादा पुरुष एका स्त्रीशी गुपचूप विवाह करी आणि काही काळाने तिला सोडून दुसरीशी उघडपणे चर्चमध्ये विवाह लावी. पहिलीने तक्रार केली तर पुरावा कोठून आणणार?

या अन्यायाला आळा घालण्यासाठी त्रेंत येथील विश्वपरिषदेने ११ नोव्हेंबर १५६३ रोजी 'तामेत्सी' नावाचा ठराव केला. विवाहापूर्वी तीन वेळा चर्चमध्ये जाहीर सूचना द्यावी आणि विवाह धर्मग्रामाच्या धर्मगुरूंसमोर व दोन किंवा तीन साक्षीदारांसमोर व्हावा, असे ठरले. हा ठराव जेथे जाहीर झाला तेथेच लागू होता. पुढे १९०७ च्या 'ने तेमेरे' या आदेशाने, १९०८ च्या पुनरुत्थान सणापासून, हा नियम जवळजवळ सर्वत्र एकसारखा झाला.

या आदेशाने आणखी एक पळवाट बंद केली. तोपर्यंत धर्मगुरू केवळ हजर असणे पुरेसे मानले जाई. त्यामुळे जोडपी दोन साक्षीदारांसह अचानक धर्मगुरूंच्या घरात शिरत आणि ते भानावर येण्याआधीच संमतीचे शब्द उच्चारून मोकळी होत. मान्झोनी या इटालियन लेखकाच्या प्रसिद्ध कादंबरीतील रेन्झो आणि लुचिया असाच प्रयत्न करतात आणि तो फसतो. आता धर्मगुरूंनी स्वतः संमती विचारणे आणि ख्रिस्तसभेच्या नावाने ती स्वीकारणे आवश्यक आहे.

साक्षीदारांचा नियम आला तो असा: फसवल्या गेलेल्या स्त्रीच्या बाजूने कोणीतरी उभे राहावे म्हणून. तो तिच्या संरक्षणासाठी आहे, प्रेमिकांच्या आनंदावर पहारा ठेवण्यासाठी नव्हे.

गोव्यात विवाह करावयाचा तर

विवाह आपल्याच धर्मग्रामात झाला पाहिजे असा हट्ट ख्रिस्तसभा धरत नाही. १११५ व्या नियमानुसार, स्वतःच्या प्रमुख धर्मगुरूंची परवानगी घेऊन तो अन्यत्र करता येतो. कळंगुटचे संत अलेक्स यांचे चर्च किंवा बाळ येशूच्या भक्तीसाठी प्रसिद्ध असलेले कोलव्याचे चर्च समुद्रापासून फार दूर नाही. मात्र पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट कागदपत्रांची. अलीकडच्या तारखेचा बाप्तिस्म्याचा दाखला, दृढीकरणाचा दाखला, विवाहपूर्व शिबिराचे प्रमाणपत्र, आपापल्या धर्मग्रामात विवाहाच्या सूचना वाचल्याचे व हरकत नसल्याचे पत्र. दाखला अलीकडचा मागतात, कारण विवाह झाल्याची नोंद बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत केली जाते. पूर्वी विवाह झालेला असल्यास तो तेथे दिसतो. तुमच्या गोव्यातील विवाहाची नोंदही अशीच परत तुमच्या बाप्तिस्म्याच्या चर्चकडे येते.

दुसरी गोष्ट धर्मगुरूंच्या अधिकाराची. "माझे काका फादर आहेत, तेच येऊन लग्न लावतील," असे अनेकजण म्हणतात. काका अवश्य येवोत. परंतु प्रमुख धर्मगुरूंचा विवाह लावण्याचा अधिकार त्यांच्या धर्मग्रामाच्या सीमेपुरता असतो. वसईचे फादर गोव्यात विवाह लावणार असतील, तर तेथील प्रमुख धर्मगुरूंनी किंवा बिशपांनी त्यांना त्या विवाहासाठी अधिकार दिला पाहिजे. ही बाब औपचारिकतेची नसून विवाहाच्या वैधतेची आहे.

तिसरी गोष्ट नागरी कायद्याची. महाराष्ट्रात १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार, चर्चमध्ये लागलेला विवाह कायद्यानेही विवाह ठरतो. गोव्यातील व्यवस्था निराळी आहे. तेथे पोर्तुगीज काळातील कौटुंबिक कायदे १९६१ नंतरही चालू राहिले. तेथे जोडपे प्रथम नागरी निबंधकांच्या कार्यालयात विवाहाचा इरादा नोंदवते, सूचना लावली जाते आणि हरकत नसल्याचे प्रमाणपत्र मिळाल्यावर चर्चमध्ये विवाह लागतो. गोव्याबाहेरच्या जोडप्याने आपल्या बाबतीत नोंदणी कशी होईल, हे तेथील चर्चचे कार्यालय आणि निबंधक या दोघांकडे पुरेसे आधी विचारून घ्यावे. शनिवारी पोहोचून रविवारी विवाह, हे तेथे होणे नाही.

चौथी गोष्ट काळाची. पवित्र शुक्रवारी आणि पवित्र शनिवारी विवाह लावला जात नाही. आगमनकाळात व प्रायश्चित्तकाळात विवाह करावयाचा झाल्यास त्या काळाचे गांभीर्य राखावे लागते. डिसेंबरची हवा सुखद असली, तरी नाताळपूर्वीचे आठवडे आगमनकाळाचे आहेत, हे आरक्षण करताना विसरू नये.

वाळूत का नाही?

१११८ व्या नियमानुसार कॅथलिकांचा विवाह चर्चमध्ये व्हावा. अन्य योग्य ठिकाणी करण्याची परवानगी स्थानिक बिशप देऊ शकतात. ती परवानगी हक्काने मिळत नाही; 'दृश्य सुंदर आहे' एवढे कारण त्यासाठी सहसा पुरत नाही.

१८ जानेवारी २०१८ रोजी पोप फ्रान्सिस यांनी चिली देशात सांतियागोहून इकिके या किनारी शहराकडे जाताना विमानातच एका जोडप्याचा विवाह लावला, याची आठवण मला त्या तरुणाने करून दिली. घटना खरी आहे. परंतु त्या दोघांचा नागरी विवाह २०१० मध्येच झाला होता. त्या वर्षीच्या भूकंपात त्यांच्या चर्चची हानी झाल्याने धार्मिक विवाह राहून गेला होता. विमानातही संमती विचारली गेली आणि हस्तलिखित दस्तऐवजावर सह्या झाल्या. सोहळा गेला, पण गाभा राहिला.

चर्चमधील वेदीसमोर विवाह लावून नंतर दोघांनी किनाऱ्यावर हातात हात घालून चालावे, छायाचित्रे काढावीत. त्याला कोणत्याही नियमाची आडकाठी नाही.

आईवडिलांची संमती

हा सर्वांत नाजूक प्रश्न. येथे ख्रिस्तसभेची शिकवण अनेक पालकांना अनपेक्षित वाटेल. आईवडिलांच्या संमतीविना झालेला मुलांचा विवाह अवैध ठरतो, असे म्हणणाऱ्यांचा त्रेंतच्या त्याच ठरावाने निषेध केला. ११०३ वा नियम सांगतो की, बळजबरीने किंवा गंभीर भीतीपोटी झालेला विवाह अवैध असतो. मुलीला धाक दाखवून बोहल्यावर चढवणारे पालक विवाह घडवीत नाहीत. आपल्या देशाचा कायदाही २१ वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला आणि १८ वर्षे पूर्ण झालेल्या मुलीला आपला जोडीदार निवडण्याचे स्वातंत्र्य देतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ते ठामपणे अधोरेखित केले. मूल अज्ञान असेल आणि पालकांना माहिती नसेल किंवा त्यांचा विरोध रास्त असेल, तर मात्र बिशपांच्या परवानगीशिवाय धर्मगुरू असा विवाह लावू शकत नाहीत.

घरच्यांच्या धमक्यांमुळे खरोखर धोका असेल, तर पळून जाण्याआधी धर्मगुरूंकडे या. ख्रिस्तसभेत ११३० ते ११३३ या नियमांनुसार गुप्त विवाहाची तरतूद आहे. गंभीर व तातडीचे कारण असल्यास बिशप तशी परवानगी देतात. चौकशी गुपचूप होते, धर्मगुरू, साक्षीदार आणि वधूवर गुप्तता पाळतात आणि नोंद धर्मप्रांताच्या गुप्त दप्तरात राहते. ही वाट अपवादाची आहे, खर्च टाळण्याची नव्हे. तरीही ती आहे, हे संकटात सापडलेल्या तरुणांना ठाऊक असावे.

आणि ज्यांनी अगोदरच केवळ नोंदणी पद्धतीने विवाह केला आहे, त्यांनीही निराश होऊ नये. कॅथलिक व्यक्तीचा असा विवाह, बिशपांची सूट घेतलेली नसल्यास, ख्रिस्तसभेच्या दृष्टीने वैध नसतो आणि त्यामुळे पवित्र कम्युनियनपासून दूर राहावे लागते. पण तो वैध करून घेण्याचा मार्ग आहे. अनेकदा त्यासाठी दोन साक्षीदार आणि एक शांत संध्याकाळ पुरेशी होते.

तोबियाचे लग्न

तोबीतच्या ग्रंथात तोबिया दूरदेशी जातो आणि तेथे साराशी विवाह करतो. त्याचे आईवडील त्या विवाहास हजर नसतात. तरीही तो विवाह चोरटा नाही. साराचे वडील रगुएल तिचा हात त्याच्या हाती देतात, तिच्या आईला बोलावतात आणि करार लिहिला जातो. तिकडे निनवेत मात्र तोबियाची आई त्याच्या वाटेकडे डोळे लावून रडत बसलेली असते. दूर विवाह करणाऱ्या प्रत्येकाच्या मागे अशी वाट पाहणारी आई असते.

त्या तरुणीला मी एवढेच म्हटले, "बाबांना कर्जातून वाचवायचे असेल तर त्यांच्याशी बोल. न सांगता गेलीस तर कर्ज वाचेल, पण तुझ्या लग्नाला ते नव्हते ही सल त्यांना आयुष्यभर राहील." ती बराच वेळ काही बोलली नाही.

नाताळ उलटल्यावर गोव्यातील एका लहान चर्चमध्ये त्यांचा विवाह झाला. उपस्थित होते नऊजण. वडील आरंभी रागावले, लोक काय म्हणतील या चिंतेने आठवडाभर घरात बोललेही नाहीत. मग स्वतःच रेल्वेची तिकिटे काढून आणली. साक्षीदार म्हणून त्यांनीच सही केली.

तेव्हा साधेपणाने विवाह करू इच्छिणाऱ्या तरुणांना विनंती अशी की, हॉटेलचे आरक्षण करण्यापूर्वी आपल्या धर्मग्रामाच्या कार्यालयात या. आणि पालकांना विनंती अशी की, मुले कमी खर्चाची गोष्ट काढतील तेव्हा ती आपल्या प्रतिष्ठेवर घाला समजू नका. त्यांना न सांगता निघून जावेसे वाटू नये, इतके तरी दार घरात उघडे ठेवा.

– संपादक