परिचारिकेचा वेळ आणि रुग्णाचा विश्वास

रुग्णालयातून बरा होऊन घरी परतलेला माणूस डॉक्टरांचे नाव आवर्जून सांगतो आणि बिलाचा आकडा त्याहूनही आवर्जून सांगतो. परंतु ज्या परिचारिकेने आठ दिवस त्याला अंथरुणावर उठवून बसविले, तिचे नाव त्याला बहुधा ठाऊक नसते. ‘सिस्टर फार मायाळू होत्या’ किंवा ‘सिस्टर फार खेकसायच्या’, यापलीकडे त्याचा अभिप्राय जात नाही. या दोन्ही अभिप्रायांत एकच गृहीत दडलेले आहे. परिचारिकेचे रुग्णाशी असलेले नाते हा तिच्या स्वभावाचा भाग आहे, कामाचा नव्हे, हे ते गृहीत. प्रस्तुत लेखात त्याचीच तपासणी करावयाची आहे. कारण जे कोणाच्या स्वभावातून फुकट मिळते त्यासाठी अंदाजपत्रकात कोणी तरतूद करीत नाही, एवढे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही समजते.

न्यायालयाने ओळखलेले नाते

हे नाते किती खोल जाऊ शकते याचा पुरावा शोधण्यास महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील अरुणा शानभाग या तरुण परिचारिकेवर तेथीलच एका सफाई कामगाराने अमानुष हल्ला केला. मेंदूला झालेल्या इजेमुळे तिची वाचा व स्वतंत्र हालचाल कायमची गेली. १८ मे २०१५ रोजी तिचे निधन होईपर्यंतची साडेएकेचाळीस वर्षे तिची शुश्रूषा त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी केली. आधी तिच्या बरोबरीच्या मैत्रिणींनी आणि पुढे तिला कधी बोलताना न पाहिलेल्या नव्या पिढ्यांनी. १९८० नंतरच्या दशकात खाट मोकळी व्हावी म्हणून तिला अन्यत्र हलविण्याचा घाट महापालिकेने घातला, तेव्हा परिचारिकांनी आंदोलन करून तो हाणून पाडला.

पुढे लेखिका पिंकी विराणी यांनी तिच्या वतीने इच्छामरणासाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने तो फेटाळला. त्या निकालाने निष्क्रिय इच्छामरणाचा मार्ग काही अटींवर खुला केला म्हणून तो गाजला. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, न्यायालयाने नेमलेल्या डॉक्टरांच्या अहवालात रुग्ण व परिचारिका यांच्यातील निःशब्द संवादाची नोंद आहे. अरुणाच्या तोंडून निघणाऱ्या विशिष्ट आवाजांवरून तिला शौचाला न्यावयाचे आहे हे परिचारिका ओळखीत, आवडते अन्न मिळाले की ती हसे. दुसरी गोष्ट अशी की, तिच्या वतीने बोलण्याचा खरा अधिकार रात्रंदिवस तिची सेवा करणाऱ्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असे न्यायालयाने मानले. म्हणजे ज्याला आपण निव्वळ माया म्हणतो, ते एक प्रकारचे ज्ञान आहे, आणि त्या ज्ञानामुळे अधिकारही प्राप्त होतो, असाच याचा अर्थ झाला.

सिद्धान्ताचा उपयोग काय?

हे ज्ञान शब्दांत मांडण्याचा प्रयत्न परिचर्याशास्त्राने विसाव्या शतकाच्या मध्यापासून केला. हिल्डगार्ड पेप्लाऊ या अमेरिकन परिचारिकेचा या विषयावरील ग्रंथ १९५२ साली प्रसिद्ध झाला. तो चार वर्षे आधीच लिहून तयार होता, परंतु डॉक्टर सहलेखकावाचून एका परिचारिकेने असे पुस्तक लिहावे हेच तेव्हा धाडसाचे वाटत होते. पेप्लाऊ यांच्या मते या नात्याला टप्पे असतात. आरंभी दोघेही परस्परांना परके असतात. मग आपल्याला कोण मदत करू शकेल हे रुग्णाला उमगते व तो तिच्यावर विसंबू लागतो. त्यानंतर तो त्या मदतीचा पुरेपूर लाभ घेतो, आणि अखेरीस पुन्हा आपल्या पायावर उभा राहून निरोप घेतो. रुग्णाला आधार देणे आणि योग्य वेळी तो आधार काढून घेणे, या दोन्ही क्रिया शुश्रूषेतच मोडतात.

आयडा जीन ऑर्लँडो यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याहून सूक्ष्म गोष्ट मांडली. रुग्ण जे बोलतो वा करतो ते त्याच्या गरजेचे केवळ चिन्ह असते. त्यावरून परिचारिकेच्या मनात काही कल्पना येते, परंतु ती बरोबर आहे की नाही हे रुग्णालाच विचारून पडताळावयास हवे. समजा, शस्त्रक्रिया झालेली एखादी बाई दिवसभर पाणी पीत नाही. ‘तहान नाही’ असे ती सांगते. घाईतली परिचारिका तशी नोंद करून पुढे जाईल. ऑर्लँडो यांची शिकवण मनात असलेली परिचारिका विचारील, ‘पाणी नकोच आहे, की सारखे भांडे मागायची लाज वाटते?’ बाई मान डोलावते आणि खरे कारण हाती लागते. येथे गोड बोलण्यापेक्षा शिकून येणाऱ्या कौशल्याचा भाग मोठा आहे.

या विचाराची प्रत्यक्ष कसोटीही घेतली गेली. १९६३ साली ड्यूमास व लेनर्ड यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेपूर्वी ज्या स्त्रियांची अस्वस्थता परिचारिकेने विचारून, पडताळून दूर केली, त्यांना शस्त्रक्रियेनंतर उलट्यांचा त्रास इतरांपेक्षा कमी झाला. नात्याचा परिणाम शरीरावर दिसतो आणि तो मोजता येतो, हे त्यातून पुढे आले.

तरीही ‘पुस्तकी सिद्धान्त वॉर्डात काय कामाचे?’ हा प्रश्न उरतोच. आम्हा खडकवासलेकरांना त्याचे उत्तर शेजारीच मिळते. १९१६ पासूनची परंपरा असलेल्या येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्थेत नद्यांच्या व बंदरांच्या लहान प्रतिकृती बांधून पाण्याचा अभ्यास करतात. प्रतिकृती म्हणजे नदी नव्हे, हे तेथील प्रत्येक अभियंत्याला ठाऊक असते. परंतु प्रवाह कोणता काठ खाईल आणि गाळ कोठे साचेल याचा अंदाज तिच्यावरून घेता येतो. सिद्धान्ताचे कार्य एवढेच आणि असेच असते. कोठे लक्ष द्यावे हे तो परिचारिकेला दाखवितो, आणि जे काम आजवर नजरेआड होते त्याला नाव देतो.

सात नंबरचा हर्निया

नात्याला जागा न देणारी व्यवस्था कशी चालते, हेही अभ्यासकांनी पाहिले आहे. इझाबेल मेन्झिस यांनी लंडनच्या एका अध्यापन रुग्णालयाची पाहणी करून १९६० च्या सुमारास आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. दुःख आणि मृत्यू यांच्या सततच्या सान्निध्यातून येणारी धास्ती टाळण्यासाठी रुग्णालयाने कामाची अशी वाटणी केली होती की, कोणत्याही परिचारिकेचा कोणत्याही रुग्णाशी फार संबंधच येऊ नये. एकीने सर्वांचा ताप पाहावा, दुसरीने सर्वांची अंथरुणे करावी. रुग्णाचा उल्लेख नावाऐवजी खाटेचा क्रमांक व रोग यांनी होई. आपल्याकडील ‘सात नंबरचा हर्निया’ हे त्याच कुळातले. गंमत अशी की, या उपायाने धास्ती कमी झाली नाहीच, उलट कामातील समाधान मात्र गेले आणि शिकाऊ परिचारिका मोठ्या संख्येने काम सोडून जात राहिल्या.

चोवीस मिनिटांचा हिशेब

आता थोडे अंकगणित. चाळीस खाटांचा वॉर्ड, आठ तासांची पाळी आणि दोन परिचारिका असे धरू. दोघींची मिळून ९६० मिनिटे होतात, म्हणजे दर रुग्णामागे २४ मिनिटे. पाळी बदलतानाची देवघेव, डॉक्टरांची फेरी, औषधे, सलाईन, नोंदवह्या आणि भांडाराची मागणीपत्रे यांत निम्मा वेळ गेला, तर उरतात १२ मिनिटे. दोन खाटांच्या मध्ये गादी टाकून आणखी दहा रुग्ण ठेवले, तर तीही उरत नाहीत. पेप्लाऊ यांचे टप्पे पार करावयाचे ते या १२ मिनिटांत. परिचारिका खेकसते ती स्वभावाने की या भागाकाराने, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

विल्यम बॉमोल व विल्यम बोवेन यांनी १९६६ साली दाखवून दिले की, काही कामांत वेळ वाचविताच येत नाही. चौघांचे वाद्यवृंदवादन दुप्पट वेगाने उरकून उत्पादकता वाढत नसते. शुश्रूषेचेही तसेच आहे. यंत्राने रक्तदाब लवकर मोजता येईल, परंतु विश्वास लवकर बसविता येणार नाही. आणि विश्वास ही या क्षेत्रात चैनीची वस्तू नाही. केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात म्हटल्याप्रमाणे वैद्यकीय सेवेची पारख ग्राहकाला आधी करून पाहता येत नाही, म्हणून हा सारा व्यवहार विश्वासावर उभा असतो. अ‍ॅरो डॉक्टरांविषयी लिहीत होते, परंतु चोवीस तास रुग्णाजवळ असते ती परिचारिकाच.

या वेळेची किंमत प्राणांतही मोजली गेली आहे. लिंडा एकन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परिचारिकेकडे सोपविलेल्या प्रत्येक जादा रुग्णामागे शस्त्रक्रिया झालेल्यांचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढलेली आढळली. अशा पाहणीतून कार्यकारणभाव निर्विवाद सिद्ध होत नाही हे मान्य, तथापि तिकडे दुर्लक्ष करणे कोणत्याही आरोग्यखात्याला परवडणारे नाही.

आपल्या वॉर्डांतील वास्तव

हे सिद्धान्त परदेशी आहेत आणि ते जसेच्या तसे येथे लागू पडणार नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. त्यांत एक परिचारिका आणि एक रुग्ण समोरासमोर असतात. आपल्याकडे खाटेशेजारी सून, भाऊ किंवा गाववाला बसलेला असतो, आणि शुश्रूषेचा मोठा वाटा तोच उचलतो. डोणजे-पानशेतकडून पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात आलेली म्हातारी डॉक्टरांच्या प्रश्नाला ‘बरं हाय’ एवढेच म्हणते. दुखणे कोठे आहे ते ती फेरी पुढे गेल्यावर सिस्टरांना सांगते, आणि कधी तेही सुनेच्या तोंडून. तेव्हा आपल्या परिचारिकेला नाते दोघांशी जोडावे लागते. म्हातारीला कूस कशी बदलून द्यावी हे सुनेला शिकविणे हाही त्याच नात्याचा भाग होय. परदेशी सिद्धान्ताला मराठी वॉर्डातील अनुभवाची जोड देण्याचे काम आपल्या परिचर्या महाविद्यालयांनीच करावयास हवे.

या व्यवसायाला आपल्याकडे प्रतिष्ठा मिळवून देण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये येथे सुरू झालेल्या सेवासदनाने मध्यमवर्गीय घरांतील स्त्रियांना, विशेषतः विधवांना, परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळविले. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणे हेच जेथे निषिद्ध, त्या समाजात ‘सेवा’ या शब्दाने त्यांना ढालीसारखे संरक्षण दिले. परंतु त्याच शब्दाच्या आड पुढे श्रमही झाकले गेले. सेवेला मोल नसते असे म्हणता म्हणता सेविकेलाही मोल देण्याचे कारण उरले नाही. मे २०२२ मध्ये राज्यातील शासकीय परिचारिका बाह्य संस्थांमार्फत होणाऱ्या भरतीविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हा बरीचशी चर्चा रुग्णांच्या हालांपुरतीच राहिली. ज्या परिचारिकेला पुढच्या वर्षी आपण या वॉर्डात असू की नाही हे ठाऊक नाही, तिने कोणाचा विश्वास कशाच्या बळावर कमवावा, हा प्रश्न विचारला जावयास हवा होता.

के. ई. एम. मधील परिचारिकांनी जे केले ते कौतुकास्पद आहेच. परंतु ‘पाहा, मनात असले की होते’ असे म्हणून त्यांचे उदाहरण इतरांच्या तोंडावर फेकणे हा त्यांच्यावरही अन्याय आहे. त्यांनी एका रुग्णाला दिले ते सर्व रुग्णांना मिळावे असे वाटत असेल, तर त्याला तीन गोष्टी लागतील. प्रत्येक पाळीतील परिचारिकांची प्रत्यक्ष संख्या वॉर्डाच्या दारावर लावली जावी. कारकुनीचे काम परिचारिकेकडून काढून लिपिकाकडे द्यावे. आणि कायम स्वरूपाच्या कामासाठी कायम नेमणुका व्हाव्यात. यांपैकी पहिलीला तर एक फळा आणि खडू यांखेरीज काहीही खर्च नाही. तेवढ्यापासून आरंभ करण्यास रुग्णालयांनी कोणाच्या आदेशाची वाट पाहू नये.